शुक्रवारचा अहवाल

सोमवारी जनरेटर बसला.
पाळक लिम्बानी म्हणाले, देव अंधारातही ऐकतो,
फ्रिज ऐकत नाही.
मग लसींचा डबा सायकलला बांधून
मी आणि तमांडा, सरोवराच्या कडेकडेनं.
काट्याला टांगलेली बाळं भोपळ्यासारखी लोंबत, ओरडत,
आणि आया हसत माझ्या चिचेवाला:
"घाबरू नको" म्हणायचं होतं,
काय म्हणाले कोण जाणे.

बुधवार आठवत नाही.
कपडे धुतले असावेत.

गुरुवारी म्हातारी नासिबेको.
पायाची जखम महिन्याची. कोमट पाणी, मीठ, फडकं.
मी गुडघ्यांवर, मनात बारीकशी फुशारकी.
ती सुकट निवडत वरून बघत होती.
एकाएकी म्हणाली,
"तुझ्या आईचे पाय कोण धुतं?"
तमांडा भाषांतराला पुढे झाली.
गरज नव्हती. मलावीत आल्यापासून
सबंध कळलेलं हे पहिलं वाक्य.

शुक्रवारी मायदेशच्या मंडळीला अहवाल.
उपस्थिती चौसष्ट, लसी एकोणीस.
नवे विश्वासी: रकाना कोरा ठेवला की फोन येतो,
म्हणून शून्य. नीट, गोल.

रविवारी उपासना चार तास. ढोल, धूळ,
कुणाच्या तरी बाळाची टाच माझ्या मांडीत.
नासिबेको पुढच्या चटईवर, पट्टी आधीच मळलेली.
निघताना तिनं माझ्या मुठीत सुकट कोंबली,
कागदात बांधलेली.

रात्री टेकडी चढले. नेटवर्कची एकच दांडी.
"आई, पाय कसे आहेत गं?"
"बरे आहेत," ती म्हणाली,
जरा जास्तच लवकर.