पाठमोरा

नागपूरच्या खापेकर साहेबांना वाघ हवा आहे समोरून.
जबडा उघडा, नजर पाहणाऱ्यावर,
रिसॉर्टच्या जिन्यात, पाच फूट बाय तीन.
ॲडव्हान्स दिलाय. तो भट्टीच्या कॉइलमध्ये गेला.

बाकीच्या चार खिडक्या झाल्यात.
बोडीतले सारस. मोहाखालचं अस्वल.
तारेवरचा नीलपंख, ज्याचा निळा
तीन काचा वाया घालवून सापडला.
कोळसुनांचा कळप; त्यातला एक
आमच्या बाजारातल्या खांड्यासारखा झाला,
राहू दिला.

वाघ मात्र फळ्यावर तिसऱ्यांदा पुसतो आहे.
मी मूळचा फोटो-फ्रेमवाला.
बत्तीस वर्षं देवांना आणि मेलेल्यांना
चौकटीत बसवलं, सगळे समोर बघणारे.
हाताला तेच वळण.
वाघाचा चेहरा करायला घेतो
आणि कुणाचे तरी वडील होतात.

फुलवंता उइके पानाचा हंगाम संपला की
काचेचा चुरा झाडायला येते.
खडूच्या वाघापुढे झाडू टेकवून म्हणाली,
"हा का वाघ होय जी?
वाघ असा उभा नाही रायत. वाघ जाते."

"तुले दिसला?"

"तीन डाव. तिन्ही डाव जातच होता.
कानामागं पांढरे ठिपके रायते त्याच्या.
आपण त्याले पायतो का नाही,
तवा ते ठिपके आपल्याले पायते."

मी पुसलं. शेपटीपासून सुरू केलं.

पट्टे काचेच्या पुढच्या अंगावर:
लोखंडाचा गंज, काचेची पूड, बाभळीचा डिंक.
एका दमात ओढायचे.
मध्ये श्वास घेतला तर पट्ट्याची दोरी होते.
वाळले की त्याच बाभळीच्या काट्यानं
कानामागचा काळा खरवडायचा, कणाकणानं.
ठिपका रंगवत नाहीत.
तिथं फक्त रंग नसतो.

"शिशाची पट्टी मानेवरून नोको नेऊ,
गळा कापल्यावानी दिसते."
तिच्या सांगण्यावरून पट्टी गवतात वळवली,
गवताचे दोन तुकडे जास्त कापावे लागले.

थ्री-फेज येतं रात्री बारानंतर.
बांध्यांमधल्या मोटारी सुरू होतात,
त्यांच्यासोबत माझी भट्टी.
साडेसहाशे अंशांवर पट्टे काचेत उतरले.
दुसऱ्या रात्री काच उलटी करून
पाठीवर चांदीचा लेप दिला, चिखलासारखा,
कानांची जागा सोडून,
आणि आच जरा कमी ठेवली.
पिवळा नेहमी पाठीवरच लावायचा,
एवढं शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं.
का, ते मी विचारलं नव्हतं.

भट्टी निवेपर्यंत झाकण उघडायचं नसतं.
मी उघडलं.
टिक्, एवढाच आवाज.
मागच्या उजव्या पायाची काच गेली.
तड्यातही शिसं घातलं. आता तो जरासा लंगडतो.

लेप पुसला तर खाली
पिकल्या टेंभराचा पिवळा.
पट्टे पुढे, पिवळा मागे, मध्ये काचेची जाडी.
दोघांची कधी गाठ नाही पडली.
ऊन आरपार गेलं की वाघ होतो.

साहेबांना फोटो पाठवला.
"तोंड कुठंय?"
मी लिहिलं, "पुढे आहे."
त्यानंतर दोन निळ्या टिका,
आणि आज नववा दिवस.

तोवर तो इथंच आहे, बंद पडलेल्या राइस मिलमध्ये,
पश्चिमेच्या खिडकीला टेकवलेला.
चारनंतर जमिनीवर उतरतो,
वाढत वाढत धान तोलायच्या काट्यापर्यंत,
शेवटी शेपूट दारात.

फुलवंता तेवढी जागा सोडून झाडते.
दुर्योधन कापगतेच्या कोंबड्यांना
तसं काही नाही,
त्या त्याच्या पाठीवरून चालत जातात,
पिवळ्या होतात, काळ्या होतात,
पुन्हा पिवळ्या.