खांद

पहिल्या वर्षी शरीररचनेच्या हॉलमध्ये
आम्हा अकरा जणांत मिळून एक बैल आला.
साखळ्यांनी वरून टांगलेला, चारी पायांवर उभा,
जणू कुणी आत्ताच वखराचं सोडून
पाणी पाजायला आणला आहे,
आणि पाणी म्हणून फॉर्मलिन.

मॅडम म्हणाल्या, कातडी सोडवा, ट्रॅपिझियस शोधा,
पंख्यासारखा पसरलेला असतो.
माझी सुरी वशिंडाच्या पुढं अडली.
तिथं केस नव्हते. तळहाताएवढी जागा,
जुन्या वहाणेच्या टाचेसारखी.
शेजारचा प्रथमेश म्हणाला, "गाठ असेल."
मी म्हटलं, "जू आहे."
"जू कुठाय?"
खरंच, जू कुठं होतं.

मी सुताराची मुलगी.
आमच्याकडं शिवणीचं लाकूड भिंतीला टेकून वाळतं,
आणि वासुदेव मिस्त्रीचं जू म्हटलं
की आर्वीच्या बाजारात कुणी घासाघीस करत नाही.
मी त्या दिवशी जेवले नाही. सगळ्यांना वाटलं, वासानं.

तिसऱ्या वर्षी शल्यचिकित्सेच्या पुस्तकात भेटलं: योक गॉल.
दीड पान. कारणं: खडबडीत जू, ओली मान,
जोडीतल्या बैलांची उंची कमीजास्त.
उपचार: विश्रांती.
पुढं पूर्णविराम.
किती दिवस, आणि त्या दिवसांत
वखराला कोण, हे त्या पानावर नाही.
पाच मार्कांना येतं. मला चार मिळाले.

आता इंटर्नशिप. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरी आले
तर गल्लीभर हळद आणि लोण्याचा वास,
पळसाच्या पानांनी खांद शेकणं चाललेलं.
"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,"
माणसं बैलांच्या कानाशी म्हणत होती,
पाहुण्याला म्हणावं तशी, जरा लाजत.

उरकुडाजींनी हाक मारली.
"डाक्टरीनबाई, आमच्या सरज्याले पाह्य बरं."
डावी खांद सुजलेली. गरम. आत पाणी.
बोट दाबलं तर तो सरकला नाही,
नुसती कातडी थरथरली, माशी बसल्यासारखी.
मी शेक सांगितला, मलम दिलं,
आणि सवयीनं, केस-पेपर भरताना विचारतो तसं,
विचारून बसले,
"जू कोणाचं?"

गावात सुतार एकच.
हळदीचे हात जागच्या जागी थांबले.
उरकुडाजी बैलाकडंच पाहत म्हणाले,
"जू चांगलंच हाये व माय. बैलच कवळा हाये."
सरज्या सहा दाती. कोवळा कसला.

घरी पोचले तोवर ते जू माझ्या आधी पोचलेलं.
बाबा ओट्यावर, जू मांडीवर पालथं,
डोळे मिटून त्यावर तळवा फिरवत होते,
आम्ही गाभण म्हशीच्या कुशीवर फिरवतो तसा.
वर न पाहता म्हणाले,
"किती बोटं?"
"दोन. डाव्या अंगाले."
"लाकूड पिळलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं,
"नाई. मीच ओलं घेतलं होतं."

रंधा चालला. शेव पायाशी पडत गेली.
मधेच विचारलं, "तुह्या पुस्तकात काय देल्लं हाये याच्यावर?"
"विश्रांती."
बाबा हसले, पण रंधा थांबला नाही.
"उद्या त पोळा हाये. परवा?"

मला काही सुचलं नाही.
पाच वर्षांत तपासायला शिकले, टाके घालायला शिकले,
अडलेलं वासरू खांद्यापर्यंत हात घालून वळवायला शिकले.
त्यांनी माझा हात धरून जुवावर ठेवला.
"फिरव. कुठं लागते सांग."
मी फिरवला. बोटांना हॉलमधली ती जागा आठवली,
वशिंडाच्या पुढं, टाचेसारखी.
"इथं," मी म्हटलं. "अजून थोडं."

लाइट गेली होती.
त्या रात्रीचा माझा उपचार एवढाच,
की बाबांचं होईपर्यंत
मी मोबाइलची बॅटरी धरून उभी राहिले.