मुक्कामाच्या गाडीतला डाव

ती पाटी उलटी कर, व्यंकट.
एका अंगाला उदगीर–देगलूर,
दुसऱ्या अंगाला चोवीस त्रिकोण,
डेपोतल्या उरल्यासुरल्या रंगानं गौसुद्दीननं काढलेले.
हा एक जरा हडकुळा झालाय. रंग संपत आला होता.
त्यालाही घरच म्हणायचं.

तुझे पंधरा चिंचोके, माझी पंधरा सोड्याची झाकणं.
मांड: दोन पार परक्या घरात,
पाच पल्याडच्या कोपऱ्याला, तीन अलीकडं,
पाच आपल्या उंबऱ्याशी.
असंच का, ते मला विचारू नको.
कुवेतला टँकर चालवताना
एका सुरियाच्या आचाऱ्यानं त्याला शिकवलं,
आचाऱ्यानं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही.

फासे वाटीत खुळखुळव, पत्र्यावर नको,
मागच्या बाकांवर भरतीची पोरं झोपलीत,
पाचच्या फेरीनं धावायला जायचंय त्यांना.
सहा-पाच पडलं की तो दबक्या आवाजात ओरडायचा,
शेश-बेश!
माझे आजोबा निजामाच्या शाळेतले,
ज्वारीची पोती मोजताना पंज, शश म्हणायचे.
तेव्हा आम्ही हसायचो.

सारखे पडले तर चारदा चाल.
तुझे चिंचोके माझ्याकडं यायलेत,
माझी झाकणं तुझ्याकडं,
रस्ता एकच, अरुंद,
हाळीच्या पुलावर दोन गाड्या समोरासमोर येतात तसा.
जिथं माझी दोन बसली तिथं तुला थांबा नाही.
पण एकटं कुणाला ठेवू नको.
एकटा दिसला की मी मारणार,
तोंड ओळखणार नाही.

मारलेला मधल्या दांडीवर बसतो.
आता नीट ऐक, नवे इथंच चुकतात:
तो पुन्हा आत येईस्तोवर
तुझा दुसरा एकही चिंचोका हलणार नाही.
सहा पडो, पाच पडो.
चौदाच्या चौदा जागेवर.

उताराच्या त्या प्रकरणात
गौसुद्दीन अकरा महिने घरी बसून होता.
ब्रेकचा रिपोर्ट त्यानं आदल्या दिवशीच दिला होता,
कागद सापडला नाही.
आम्ही सगळे वेळेवर सुटलो,
उदगीर, देगलूर, उदगीर.
मी तर त्याच्याच गाडीवर होतो, दुसऱ्या ड्रायव्हरसोबत.
परत आला तो वर्कशॉपात, टायर मोजायला.
पाटी त्यानं स्वतःहून दिली मला.
खेळ म्हणाला, नव्या पोराला शिकव.
एवढंच.

सगळे घरात आले की मग एकेक बाहेर काढायचा.
ज्याचा पट आधी रिकामा, तो जिंकला.
तुझे किती राहिले?
सात. माझी चार.
पण पाळी तुझी आहे, टाक.

नाही, थांब, साडेचार झाले,
पोरं बूट बांधायलीत.
पाटी फिरव, काचेला लाव.
चिंचोके मोजून खिशात टाक,
एक कमी भरला तर
निघायच्या आधी सीटखाली बघ.