पोटचं

कुओपिओच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
त्यांनी मला एक कागद दिला आणि बोथट पेन्सिल.
आरशासमोर उभं राहिल्यावर तुम्हाला कसं वाटतं?
एक ते पाच.
शाळेची बस चालवते मी, एकोणीस वर्षं.
आरसा म्हणजे मला मागची गाडी.

खाली थोडी जागा होती :
या शस्त्रक्रियेतून तुम्हाला काय हवं आहे?
लिहिलं, पट्टा घसरतो.
डाव्या खांद्यावरून येतो, सपाटीवर त्याला
थांबायला काही सापडत नाही, गळ्याशी चढतो.
अख्खा हिवाळा मी तो अंगठ्यानं धरून ठेवलाय,
बर्फातल्या वळणावरसुद्धा,
मागे सत्तावीस मुलं.
दुसरं लिहिलं, बुधवार.
(नणंदेचं सॉनाघर, तळ्याकाठी,
सहाजणी, मांडीला मांडी, अंगावर काही नाही.
दोन वर्षं सांगतेय, पाठ दुखते.)
तिसरं लिहून खोडलं. मग परत लिहिलं :
पालथं झोपायचंय.

डॉक्टर वुओरेलांनी कागद दोनदा वाचला.
म्हणाल्या, पाठीचा स्नायू पुढे आणता येतो,
पण तुम्ही दिवसभर स्टिअरिंग फिरवता, फावड्यानं बर्फ उपसता,
पाठ तुमची तुमच्याकडेच राहू दे.
पोटाचं घेऊ.
आठ तास लागतील.
आणि आत्ताच सांगून ठेवते,
स्पर्श बहुतेक परत येणार नाही.

पोटाचं.
तिथं वेइकोच्या वेळचा जुना टाका आहे.
फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ गप्प,
मग म्हणाला, म्हणजे माझं जुनं घर
तू वरच्या मजल्यावर नेतेयस.
पोटभर हसले.
तेव्हा हसता येत होतं.

नंतर सहा आठवडे कमरेत वाकून चालले,
पडलेलं नाणं शोधत असल्यासारखी.
एका रात्री वाटलं, कशाला केलं हे,
सपाट होते त्यात काय बिघडलं होतं?
हे कुठल्याच कागदावर लिहिलं नाही.

एप्रिलात, तळ्यावरचं बर्फ काळं पडलं तेव्हा,
बुधवारी गेले.
कुणी पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं,
आणि मग हिल्क्कानं विचारलं, बटाटे कधी लावणार?
सिर्क्कानं तापल्या दगडांवर पाणी ओतलं.
वाफ आली : खांद्यांवर, गुडघ्यांवर, उजवीकडे.
डावीकडे काही नाही.
ओळख नसलेल्या दारापुढे कुणी थांबावं
तशी तिथं येऊन नुसती थांबली.
तेवढ्यात सिर्क्का म्हणाली,
तुइरे, लाल झालंय, मागे हो.
मला कळलंच नव्हतं.
आता दर बुधवारी ती मला न विचारता
वीतभर मागे सरकवते.

वर्षानं परत तोच कागद.
वुओरेला म्हणाल्या, बोंड करून देऊ? गोंदवताही येतं.
म्हटलं, नको. आंधळंच राहू दे.
एक ते पाच. तीनला गोल केला,
मग पेन्सिल चारच्या काठापर्यंत ओढत नेली
आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं :
पट्टा बसतो.
पालथं झोपते, पण थोडाच वेळ, मध्ये काहीतरी येतं,
कुणी कुशीत शिरल्यासारखं.
त्याला ऊन कळत नाही, गार कळत नाही,
आंघोळीचं पाणी आधी हातावर घेऊन बघते.
पोटचं आहे म्हटल्यावर
लक्ष ठेवावं लागतंच.