नवा कोच

खडकी बाजारात, सेल्वमच्या पंक्चरच्या दुकानी
साडेनऊपासून आम्ही कोच नेमतोय.

फ्रँकी म्हणतो, बाहेरचा आणा, लायसनवाला.
बाहेरचा म्हणजे कुठला?
पिंपरीचा.
मग राहू दे.

दिगंबर फरशीवर बाटल्यांची झाकणं मांडतो,
मागे एक व्हॉल्व उभा करतो :
बघा, आपण इथून फाटतो.
सेल्वम वाकून गोलकीपर उचलतो
आणि गिऱ्हाइकाच्या ट्यूबला लावतो.

घाटपांडे सर?
त्यांना ऑफसाइड कळतं, पोरं कळत नाहीत.

लोबो सर शेजारीच, मागचं चाक सोडवून बसलेले.
सतरा वर्षं. रविवारी राजीनामा.
त्यांचं नाव कुणीच घेत नाही,
तोंडावर कसं घ्यायचं.

ते स्वतःच ट्यूब घमेल्यात दाबतात,
फिरवत राहतात,
बुडबुडा आला की म्हणतात,
हं. इथं.