छत्रीचा टाक

बर्तन बाजारात अस्लमच्या तराजूवर
देव किलोनं जातात.
गेल्या मंगळवारी एका गाठोड्यात
खंडोबा, दोन अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण मान मोडलेला,
आणि त्यांच्यात ही:
पितळेची, जुन्या आठ आण्याएवढी,
एका अंगाला उघडलेली छत्री.
खाली कोणी नाही.

"साहब, ये कौनसे भगवान?"
म्हटलं, देव नव्हे, जाहिरात.
सव्वाशे वर्षांमागं दुकानदार अशा पाडून घ्यायचे,
सुट्ट्या पैशांसोबत गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे,
घरी जाऊन खिसा उलटा केला
तरी दुकान आठवावं म्हणून.
अस्लमनं सगळं ऐकून घेतलं
आणि पितळेच्याच भावानं लावली.

माझ्याकडे एकेचाळीस आहेत.
सियागंजचा अत्तरवाला, छावणीतला घड्याळजी,
महूच्या पलटणीला सोडावॉटर विकणारा कोणी पारशी,
त्याच्या बिल्ल्यावर राणीचा मुखवटा, नाक मात्र माळव्याचं.
वहीत प्रत्येकाची नोंद: वजन, व्यास, धातू, झीज.
वीजमंडळातले जुने सोबती विचारतात,
यात काही सुटतं का हो?
सुटायचा. एक आणा, पुढच्या खरेदीवर.

हिची झीज वेगळी.
हातोहात फिरलेलं नाणं कडांनी झिजतं, दोन्हीकडून.
ही झिजलीय छत्रीच्याच बाजूनं, मधोमध,
एका अंगठ्यापुरती.
रोज ताम्हन, रोज पुसणं, रोज एक बोट कुंकू.
कुणी बाईनं छत्र पाहिलं असेल
आणि छत्राखालचा कोण, याची चौकशी न करता
बसवली असेल अन्नपूर्णेशेजारी.

मागल्या अंगाला गोलाकार मोडी,
अक्षरं हळदीनं गच्च.
उज्जैनचे डबीर फोनवर म्हणाले,
रात्रभर चिंचेत घाला, सकाळी नावगाव लख्ख.
चिंच भिजवली.
ती आमटीत गेली.

मग भिंग घेतलं, दातकोरणी घेतली.
'छ' मोकळा झाला. 'त्र्यां'. 'चे'.
आतली हळद अजून ओलसर पिवळी,
वास येईल इतकी.
पुढं नाव असणार.
पैसे मोजून, साचा पाडून,
लोकांनी वाचावं म्हणून घातलेलं नाव.

दिवा मालवला.

नोंद बेचाळीस:
पितळ. सहा ग्रॅमला थोडं कमी. भोक नाही.
झीज: एकाच अंगाला, आंघोळीची.
व्यापाऱ्याच्या नावाच्या रकान्यात
दातकोरणीचं टोक पुसलंय,
तेवढा पिवळा डाग.