हिपरग्याच्या काठावर

कुणा हौशी डॉक्टरनं मालवणहून ट्रेलरवर आणलेली
जुनी कॅटामरान,
बाभळीखाली दोन पोटं टेकून.

येमूलनं रुपया काढला, वाजवत निघाला
मडकं घेताना वाजवतात तसं.
टण्ण. टण्ण. टण्ण.
उजव्या कुशीत, पाणरेषेखाली:
बद्द.
"इथं पाणी प्यालीय. पन्नास हजार कमी करा."

मग तळ्यात.
डावा दांडा पुढं, उजवा मागं,
आणि थापताना परातीत भाकरी फिरावी
तशी जागच्या जागी फिरली,
सुकाणूला हात न लावता.
वारं आलं तेव्हा मात्र आडवी सरकली.
अंग उंच, पाय उथळ.
"वेग नसला की वारा मालक," येमूल म्हणाला.

एक इंजिन बंद पडलं तर?

"चालते की. एका अंगाला ओढते एवढंच.
सरळ जायचं तर
सुकाणू सारखं तिरकं धरायचं."

टॉवेलचे चार माग, सूतवाल्यांची उधारी,
सात वर्षं मी असंच धरलंय एकटीनं.
मनगट विसरलंसुद्धा
की हे तिरकं आहे.

"उजवं बंद करा," मी म्हटलं,
"आणि सरका जरा."